सरळ बोलणारी माणसे : अ‍ॅस्पर्जर लक्षणसमूह, नोकरी आणि आपले गैरसमज

लखनौ शहराची ओळख करून देताना चिकनकारी, कबाब आणि इमामबाडा यांच्याही आधी 'तहजीब' हा शब्द येतो. येथील बोलण्यात नकारसुद्धा थेट दिला जात नाही. 'जमणार नाही' असे न म्हणता 'देखते हैं' म्हटले जाते. दारात दोघे समोरासमोर आले की 'पहले आप' असा आग्रह सुरू होतो. 'कभी तशरीफ लाइए' हे शब्द कानी पडले, तर ते बहुधा निमंत्रण नसून निरोपाचा शिष्टाचार आहे, हे ऐकणाऱ्याने आपले आपण ओळखायचे असते. महाराष्ट्रातून बदली होऊन येथे आलेल्या बँक अधिकाऱ्याला ही रीत अंगवळणी पडायला काही महिने लागतात. अर्थात आपली मराठीही या बाबतीत फारशी मागे नाही. 'बघू या', 'जमेल तेव्हा करा', 'एकदा घरी या ना' ही वाक्ये आपण दिवसातून कितीदा तरी उच्चारतो आणि समोरच्याने त्यांतील न उच्चारलेला अर्थ बरोबर टिपावा, अशी अपेक्षा बाळगतो.

परंतु ज्यांना हा न उच्चारलेला अर्थ आपोआप उमगत नाही, अशीही माणसे आपल्यात आहेत. ती बुद्धीने कमी नसतात, भाषा त्यांना उत्तम अवगत असते, अनेकदा पदव्याही असतात. केवळ शब्दाचा अर्थ ती शब्दाइतकाच घेतात आणि आपले म्हणणेही तितक्याच सरळपणे मांडतात. या वेगळेपणाला अनेक वर्षे 'अ‍ॅस्पर्जर लक्षणसमूह' असे नाव होते. अशी मुले मोठी झाल्यावर नोकरीत, कचेरीत आणि बँकेच्या काउंटरवर त्यांच्या वाट्याला काय येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नावाचा इतिहास

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी आणि १९४४ साली व्हिएन्ना येथे हान्स अ‍ॅस्पर्जर या बालरोगतज्ज्ञांनी काही मुलांच्या वेगळ्या वागण्याची शास्त्रीय नोंद केली. अ‍ॅस्पर्जर यांनी वर्णिलेली मुले अस्खलित बोलत, आपल्या आवडीच्या विषयावर मोठ्या माणसांसारखे विवेचन करीत. म्हणून ते त्यांना 'छोटे प्राध्यापक' म्हणत. त्याही आधी, १९२५ साली, रशियातील ग्रुन्या सुखारेवा या महिला डॉक्टरांनी अशाच मुलांचे वर्णन केले होते. ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९८१ साली लॉर्ना विंग या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांच्या लेखामुळे 'अ‍ॅस्पर्जर' हे नाव रूढ झाले आणि १९९४ साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला स्थान मिळाले.

२०१३ साली त्याच पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने हे स्वतंत्र नाव काढून टाकले आणि त्याचा समावेश 'स्वमग्नता वर्णपट', म्हणजे ऑटिझम स्पेक्ट्रम, या व्यापक संज्ञेत केला. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू झालेले वर्गीकरणही हेच मानते. शिवाय, नाझी राजवटीत अ‍ॅस्पर्जर यांनी काही अपंग बालकांना जेथे मुले मारली जात अशा संस्थेत धाडले होते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऐतिहासिक संशोधनातून पुढे आले. त्यामुळेही अनेकजण हे नाव आता टाळतात. तथापि, ज्यांचे निदान पूर्वी झाले ते आजही स्वतःची ओळख या नावाने सांगतात आणि सामान्य वाचकाच्या परिचयाचेही तेच आहे. म्हणून येथे ते वापरले आहे.

या इतिहासातील सनावळी आपल्यासाठी महत्त्वाची आहे. १९७० किंवा १९८०च्या दशकात जन्मलेल्या भारतीय मुलाच्या शालेय वयात हे नाव आपल्याकडे जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते. तो 'एककल्ली', 'तुसडा', 'पुस्तकी किडा' किंवा 'विक्षिप्त' ठरला आणि ती बिरुदे घेऊनच नोकरीच्या बाजारात उतरला. आज तो चाळिशी-पन्नाशीत असेल. कदाचित आपल्या शेजारच्या टेबलावरही असेल.

गैरसमजांचा ताळेबंद

पहिला गैरसमज असा, की हा मनोविकार किंवा वेडाचा प्रकार आहे. वस्तुतः ही मेंदूच्या विकासातील जन्मजात भिन्नता आहे. ती आजारासारखी येत नाही आणि औषधाने जातही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्नता वर्णपटावर होती. त्यांपैकी काहींना आयुष्यभर मोठ्या आधाराची गरज असते, तर काहींना अगदी थोड्या. अ‍ॅस्पर्जर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्ती बहुधा दुसऱ्या गटात मोडतात.

दुसरा गैरसमज आईवडिलांना दोष देणारा. मातेच्या थंड वागण्यामुळे मूल असे होते, असे एकेकाळी पाश्चात्त्य तज्ज्ञही म्हणत. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांच्या ग्रंथाने त्या कल्पनेला जबर धक्का दिला. लसीकरणाशी संबंध जोडणारा १९९८चा ब्रिटिश शोधनिबंध तर 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. आपल्याकडे याच जातीचा आणखी एक समज आहे : 'लग्न करून द्या, आपोआप सुधारेल.' लग्नाने स्वभावाची घडण बदलत नाही. एका व्यक्तीची अडचण मात्र दोन कुटुंबांची होते, तीही कोणी मोकळेपणाने न बोलल्यामुळे.

तिसरा समज असा, की या माणसांना भावनाच नसतात. 'स्वमग्नता' हा मराठी शब्दही या समजाला नकळत खतपाणी घालतो; जणू ही माणसे स्वतःतच बुडालेली आहेत. नजरेला नजर न देणे, चेहऱ्यावर भाव न दिसणे, आवाज एकसुरी असणे यांवरून आपण मनाची परीक्षा करतो. डॅमियन मिल्टन या संशोधकांनी, जे स्वतः स्वमग्न आहेत, २०१२ साली या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली : त्यांना आपण जितके समजत नाही, तितकेच आपल्यालाही ते समजत नाहीत. २०२० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक गोष्ट कर्णोपकर्णी पुढे सांगण्याचा प्रयोग केला होता. सर्व स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. गळती झाली ती मिश्र साखळीत. दोष एका बाजूचा असता, तर असे घडले नसते.

चौथा गैरसमज वरकरणी स्तुतीचा आहे. १९८८ सालच्या 'रेन मॅन' या चित्रपटानंतर प्रत्येक स्वमग्न व्यक्ती म्हणजे आकडेमोडीचा चमत्कार, अशी समजूत पसरली. २०१० साली 'माय नेम इज खान' प्रदर्शित झाला आणि अ‍ॅस्पर्जर हे नाव हिंदी प्रेक्षकांच्या घराघरांत पोहोचले. त्याचा नायक पोटासाठी भावाच्या सौंदर्यप्रसाधनांची विक्री करताना दिसतो, ही त्यातील लक्षणीय बाब. आपल्या अर्थक्षेत्रातही अशी झळाळती नावे आहेत. २००२ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणारे व्हर्नन स्मिथ यांनी स्वतःमध्ये अ‍ॅस्पर्जरची लक्षणे असल्याचे जाहीरपणे सांगितले. अमेरिकेतील गृहकर्जांवर आधारित रोख्यांची लांबलचक माहितीपत्रके चिकाटीने वाचून २००८च्या अरिष्टाची चाहूल आधीच लागलेले गुंतवणूकदार मायकेल बरी यांना मुलाच्या निदानानंतर स्वतःची ओळख पटली. परंतु सगळेच कारकून जसे अर्थमंत्री होत नाहीत, तशीच ही माणसेही बहुसंख्येने साधी, मध्यम कुवतीची आणि प्रामाणिक काम करून पोट भरू इच्छिणारी असतात. असामान्यत्वाची अट घातली, की सामान्य माणसाच्या नोकरीचा प्रश्न बाजूला पडतो.

नोकरीच्या उंबरठ्यावर

तो प्रश्न किती गंभीर आहे, हे ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२१ साली दाखवून दिले. त्या आकडेवारीनुसार स्वमग्न प्रौढांपैकी केवळ २२ टक्क्यांच्या आसपास व्यक्ती कोणत्याही प्रकारच्या रोजगारात होत्या. जेथे निदानाच्या सोयी चांगल्या आहेत तेथे ही स्थिती आहे.

पहिला अडसर बहुधा मुलाखतीचा. मुलाखतीत ज्ञानापेक्षा हस्तांदोलन, हास्य, नजर आणि हजरजबाबीपणा यांची परीक्षा अधिक होते. 'तुमच्यातील उणीव सांगा' या प्रश्नावर सर्वसाधारण उमेदवार 'मी फार परिपूर्णतावादी आहे' असे पाठ केलेले उत्तर देतो. अ‍ॅस्पर्जर असलेला उमेदवार आपल्या खऱ्या उणिवा क्रमवार सांगून मोकळा होतो. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती रद्द केल्या आणि बँकांच्या लिपिक भरतीतही मुलाखत उरली नाही. तो निर्णय गैरप्रकार टाळण्यासाठी घेतला गेला. परंतु केवळ लेखी परीक्षेच्या बळावर पुढे येऊ शकणाऱ्या अशा उमेदवारांसाठी त्याने एक दार नकळत उघडले.

दार ओलांडल्यावर दुसरी परीक्षा सुरू होते. काम जमते, कामाभोवतीचे अवघड जाते. नोटा मोजण्याच्या यंत्राचा खडखडाट, टोकनची घंटा, लुकलुकणारी ट्यूबलाइट, एकाच वेळी बोलणारे चार ग्राहक हे आपण मनाआड करू शकतो. त्यांना ते सारे सारख्याच तीव्रतेने ऐकू येते व दिसते. आयत्या वेळी टेबल बदलले, की दिवसभराची घडी विस्कटते. वरिष्ठांची चूक भर बैठकीत दाखवली जाते आणि ती उद्धटपणात जमा होते. जेवणाच्या सुट्टीत गप्पांत सामील न होणे शिष्टपणा ठरते. वार्षिक मूल्यमापनात कामाच्या रकान्यात चांगले गुण आणि 'संघभावना' या रकान्यात शेरा, असे चित्र मग दिसू लागते.

बड्या इमामबाड्याविषयी लखनौत एक आख्यायिका सांगतात. १७८४च्या सुमारास दुष्काळ पडला असता नवाब असफउद्दौला यांनी लोकांना भीक न देता काम द्यावे, म्हणून ही वास्तू बांधायला घेतली. दिवसा मजूर भिंत उभारीत आणि रात्री खानदानी घराण्यांतील गरजू लोक येऊन तिचा काही भाग पाडीत. रात्री अशासाठी, की कोणी चेहरा ओळखू नये. कामातून मिळणारी प्रतिष्ठा नवाबाने जाणली होती, हा या कथेचा एक अर्थ. दुसरा अर्थ अ‍ॅस्पर्जर असलेल्या कर्मचाऱ्यांना लागू पडतो. तेही आपला खरा चेहरा झाकूनच काम करतात. इतरांसारखे हसणे, नजर देणे, हवापाण्याच्या गप्पा मारणे यांचा ते सराव करतात आणि दिवसभर तो मुखवटा सांभाळतात. विशेषतः स्त्रिया हे इतक्या कौशल्याने करतात, की त्यांचे निदान अनेकदा फार उशिरा होते किंवा होतच नाही. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर जो थकवा येतो, तो कामाचा कमी आणि या सोंगाचा अधिक असतो. नोकरी सुटते ती पुष्कळदा या थकव्यापोटी.

जेथे जमले, तेथे काय केले?

डेन्मार्कमधील थॉर्किल सॉन यांनी, मुलाला स्वमग्नता असल्याचे कळल्यानंतर, २००४ साली 'स्पेशालिस्टर्न' ही कंपनी सुरू केली. संगणक प्रणालींची चाचणी घेण्याचे चिकाटीचे काम तिने स्वमग्न प्रौढांना दिले. 'एसएपी' या जर्मन कंपनीने भारतात सहा स्वमग्न व्यक्तींना अशाच चाचणीच्या कामावर घेतले आणि तो अनुभव चांगला आल्यावर २०१३ साली स्पेशालिस्टर्नच्या साहाय्याने जगभरासाठी योजना जाहीर केली. एका जागतिक योजनेची सुरुवातीची पावले भारतात पडली, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

संगणकाखेरीजही मार्ग आहेत. मुंबईत जुहू येथे यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ साली 'कॅफे अर्पण' सुरू केले. त्यात स्वमग्नता आणि इतर विकासात्मक भिन्नता असलेल्या प्रौढांनी स्वयंपाकघरापासून ग्राहकसेवेपर्यंतची कामे सांभाळली. येथील चिकनकारीचे उदाहरणही उद्बोधक आहे. कापडावर ठशांनी नक्षी उमटविणारा वेगळा, त्यावर मुर्री, फंदा, जाळी भरणारे हात वेगळे आणि शेवटी ठशांची निळी खूण धुऊन काढणारा धोबी वेगळा. प्रत्येकाला आपले काम कोठे सुरू होते व कोठे संपते हे नेमके ठाऊक असते. कामाची अशी स्वच्छ विभागणी हाच अ‍ॅस्पर्जर असलेल्या कर्मचाऱ्याचा सर्वांत मोठा आधार होय.

आपल्या शाखेत हे कसे करता येईल? सूचना तोंडी न देता लेखी द्यावी. 'लवकर करा' न म्हणता 'चार वाजेपर्यंत करा' म्हणावे. एका वेळी एकच काम सोपवावे. टेबल किंवा कामाची पाळी बदलायची असल्यास आदल्या दिवशी सांगावे. बसण्याची जागा नोटमोजणी यंत्रापासून दूर द्यावी. चूक झाल्यास खासगीत, परंतु आडवळण न घेता सांगावे. चहाच्या गप्पांत न येण्याची मुभा असावी. यांपैकी कशालाही मंजूर निधी लागत नाही. खात्यांचा ताळमेळ, केवायसी कागदपत्रांची छाननी, लेखापरीक्षणाची पूर्वतयारी यांत बारकाईने पाहणारी नजर किती मोलाची असते, हे मार्चअखेरीला एका रुपयाच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कायद्याचे पाठबळ

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची प्रथम दखल घेतली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या २१ प्रकारांत स्वमग्नता वर्णपट आला. सरकारी आस्थापनांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी आहे. जानेवारी २०२१मध्ये केंद्र सरकारने दिव्यांगांसाठी योग्य अशा ३५६६ पदांची यादी अधिसूचित केली.

आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि अनेक प्रौढांची अडचण तेथेच सुरू होते. कारण त्यांचे निदानच झालेले नसते. परंतु कायद्याचे दुसरे, अधिक व्यापक तत्त्व 'वाजवी सोय' हे आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून आवश्यक तो योग्य बदल करणे, असा त्याचा अर्थ. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये स्पष्ट केले, की हे तत्त्व ४० टक्क्यांच्या मर्यादेत अडकवता येणार नाही. वर सांगितलेली लेखी सूचना किंवा शांत जागा ही म्हणूनच मेहेरबानीची बाब राहत नाही.

लखनौपुरते बोलायचे, तर निदानासाठी किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा मनोविकार विभाग आणि १९५० साली स्थापन झालेले नूर मंझिल ही येथील परिचित ठिकाणे होत. २००८ साली स्थापन झालेल्या डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वसन विद्यापीठात निम्म्या जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. शिक्षणाची सोय अशी वाढत आहे. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना सामावून घेणे हे आता आपल्यासारख्या आस्थापनांचे काम आहे.

काउंटरच्या दोन्ही बाजूंना

हा विषय केवळ कर्मचाऱ्यांचा नाही. 'बस, दो मिनट' असे सांगून थांबविलेला ग्राहक बरोबर दोन मिनिटांनी उठून 'दोन मिनिटे झाली' म्हणतो, तेव्हा त्याला भांडखोर ठरविण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. अशा प्रत्येकाला अ‍ॅस्पर्जर असतो असे नव्हे. परंतु एखाद्याने आपला शब्द प्रमाण मानला, यात अपमान वाटण्याजोगे काही नाही. अर्जातील प्रत्येक रकान्याचा अर्थ विचारणारा, सही करण्यापूर्वी सर्व अटी वाचणारा ग्राहक रांग लांबवतो खरा. तथापि बँकेने सर्व ग्राहकांना जे करायला सांगितले आहे, तेच तो करीत असतो.

येथे एक कायदेशीर बाब ध्यानी ठेवली पाहिजे. ज्यांना स्वतःचे व्यवहार पाहता येत नाहीत अशा स्वमग्न व्यक्तींची खाती उघडता यावीत, म्हणून राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीने दिलेले पालकत्व प्रमाणपत्र स्वीकारण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २००७ साली बँकांना दिल्या. ती सोय आहे. तिची अट होऊ नये. २०१६च्या कायद्याचे तेरावे कलम दिव्यांग व्यक्तीचा आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेकडून कर्ज मिळण्याचा हक्क इतरांइतकाच मान्य करते. तेव्हा पगार मिळविणारी, व्यवहार समजणारी प्रौढ व्यक्ती केवळ नजरेला नजर देत नाही किंवा तुटक बोलते, म्हणून तिला 'घरातील कोणाला तरी घेऊन या' असे सांगणे अनुचित होय. ग्राहक समजून घेईल की नाही याची शंका असेल, तर त्याला सावकाश, स्पष्ट शब्दांत विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

अशा व्यक्तींच्या कुटुंबीयांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी कमावती झाली, की खाते तिच्या स्वतःच्या नावाने उघडावे, पासबुक तिच्या हाती द्यावे, व्यवहार तिला करू द्यावेत. शाखेत येण्यापूर्वी गर्दी कमी असलेली वेळ विचारून घ्यावी आणि काय अडचण येऊ शकते, हे शाखाधिकाऱ्यांना मोकळेपणाने सांगावे.

दरवर्षी २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागृती दिन म्हणून पाळला जातो. १ एप्रिलच्या वर्षअखेर बंदनंतर आपल्या शाखा जेव्हा पुन्हा ग्राहकांसाठी उघडतात, त्याच सुमारास तो येतो. नव्या वर्षाच्या पहिल्या शाखा-बैठकीत पाच मिनिटे या विषयाला द्यावीत आणि वर दिलेल्या सूचनांपैकी निदान एक, सूचना लेखी व नेमक्या शब्दांत देण्याची, सर्वांसाठीच अमलात आणावी. तिचा लाभ कोणाला झाला, हे कदाचित आपल्याला कधीच कळणार नाही. कारण तो सहकारी ते बोलून दाखवेलच असे नाही. त्याचे काम मात्र वेळेवर आणि बिनचूक आपल्या टेबलावर आलेले असेल.